चुकलेल्या सिद्धतेचा सत्कार

एक बोट वर, बोटाला खडूची पूड, आणि तोंडात ठरलेलं वाक्य: "थांबा, सिद्ध कुठं झालंय?"

देवपुरातल्या आमच्या कॉलेजात गणिताच्या सरांची हीच ओळख. कँटीनवाला म्हणाला, "सर, आज चहा फक्कड झालाय," की बोट वर. कुणी म्हणालं, जळगावची बस आज वेळेवर आहे, की बोट वर. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा चिकित्सक माणूस. त्याचा वैताग येतो, आणि एक दिवस दिसला नाही तर करमतही नाही.

मी तिथं ग्रंथपाल. सगळे मला अक्का म्हणतात. सरही म्हणायचे, माझ्यापेक्षा वयानं थोर असून.

तरुणपणी सरांनी एक प्रमेय मांडलं होतं. एका छोट्या नियतकालिकात ते छापून आलं होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. एवढंच कळायचं, की दुसऱ्या कुणी अभ्यासकानं आपल्या लेखात त्याचा दाखला दिला की संगणकावर सरांच्या नावापुढचा आकडा एकानं वाढतो. सायटेशन म्हणतात त्याला. वर्षानुवर्षं तिथं शून्यच होतं. दर शनिवारी सर माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागं उभे राहायचे आणि विचारायचे, "अक्का, आलं का कुणी?"

"मुलीला स्थळ यायचंय का सर?" मी चिडवायची. हसायचे बिचारे.

मग एका शनिवारी आकडा हलला! सरांनी जिलेबी आणली, शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना वाटली. परदेशातला तो लेख मी छापून त्यांच्या हातात दिला, आणि ते खिडकीजवळच्या बाकावर वाचत बसले. थोड्या वेळानं मी वळून पाहिलं, तर त्यांचं बोट वर गेलं होतं आणि तसंच राहिलं होतं.

"काय झालं, सर?"

कॉलेजात सर कायम पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दिवशी घरची अहिराणी बाहेर आली. "मन्हं बठ्ठं चुकेल शे, अक्का." माझं सगळंच चुकलंय, म्हणाले.

लेख लिहिणाऱ्यानं सरांचं नाव घेतलं होतं, ते त्यांच्या सिद्धतेतली एक पायरी चुकीची आहे हे दाखवायला. त्याचं पाहून दुसऱ्यानं लिहिलं, मग आणखी कुणी. जो तो 'इथं फसू नका' म्हणून सरांकडं बोट दाखवायचा, आणि इकडं आकडा भराभर चढायचा. दर वेळी सर मला लेख छापायला लावायचे, वाचायचे आणि म्हणायचे, "तेच."

त्यातच कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणार होती. प्राचार्यांनी आकडा पाहिला आणि हुरळून गेले. शाल, श्रीफळ, सभागृह, सगळं ठरलं. मी मुद्दाम आधी जाऊन खरं काय ते सांगितलं. "अक्का, लोक नाव घेताहेत ना? मग झालं तर," म्हणाले.

सत्काराला सर माईकपुढं उभे राहिले. "हे सगळे माझी चूक दाखवताहेत. मी या शालीला लायक नाही."

आता बघा, आपल्याकडं सत्काराला उभा राहिलेला प्रत्येक जण 'मी लायक नाही' असंच म्हणतो. तशी रीतच आहे. सरांचं खरं बोलणंही त्या रीतीतच जमा झालं. केवढ्या टाळ्या! शेजारचे प्राध्यापक मला म्हणाले, "काय विनय आहे हो!" कपाळ माझं! सर दोन्ही हात हलवून सांगत होते, "अहो, खरंच चुकलंय," आणि लोक आणखी जोरात वाजवत होते.

प्रमेय मागं घ्यावं म्हणून त्यांनी पत्र धाडलं, तर ते नियतकालिक केव्हाच बंद पडलेलं. मग उरलं काय, तर ती पायरी स्वतः दुरुस्त करणं. निवृत्तीनंतरही सर रोज येऊन खिडकीशी बसायचे, कागद भरायचे, फाडायचे. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, डबा घेऊन यायच्या आणि संध्याकाळी तो तसाच परत न्यायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, "सोडा ना आता! कुणाचं काय अडलंय त्यावाचून?"

"माझं अडलंय," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

शेवटी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले, तर हात घट्ट धरून म्हणाले, "नाही जुळलं, अक्का. मी गेल्यावर शोकसभा घेतील, तोच आकडा वाचतील. तुम्ही उठून खरं सांगा. मी सांगितलं तर टाळ्या वाजवल्या. तुम्ही सांगितल्यावर नाही वाजवणार."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शोकसभा त्याच सभागृहात झाली. प्राचार्यांनी आकडा वाचला आणि मी उठले. माझं बोट कधी वर गेलं, कळलं नाही. "थांबा. सरांची सिद्धता चुकली होती. ती दुरुस्त करता करता ते गेले. हे त्यांनीच मला सांगायला लावलंय."

एकही टाळी नाही. तेवढं मात्र सरांचं बरोबर निघालं. मागून कुणीतरी म्हणालं, "मेलेल्या माणसावरही जळतात लोक." वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि मान फिरवली. आजही बाजारात समोर आल्या की रस्ता ओलांडून पलीकडं जातात. मला त्यांचा राग येत नाही, रडू येतं.

गेल्या शनिवारी राहवलं नाही, संगणक उघडला. आकडा आणखी एकानं वाढला होता. सवयीनं मागं वळले. खुर्चीच्या पाठीवर कुणाचा हात नव्हता.

लेख छापून घेतला. कुणी ती पायरी दुरुस्त केली आहे की पुन्हा चूकच दाखवली आहे, मला वाचून कळत नाही. खिडकीजवळच्या बाकावर ठेवून आले.