फोन न आलेल्या रविवारचा शिरा

माझ्या आईचं नाव कृष्णाबाई. नावावरून कोणालाही नऊवारीतली सत्तरीची बाई वाटेल, पण त्या हिवाळ्यात ती जेमतेम अडतीस वर्षांची होती आणि क्वार्टर्सच्या लॉनवर बॅडमिंटन खेळताना भल्याभल्यांना घाम फोडायची. पाटणजवळच्या डोंगरातल्या एका वाडीत ती जन्मली. पणजीचं नाव पुढे चालवायचं म्हणून आजोबांनी ते हिच्या गळ्यात घातलं. सातवीपर्यंत शाळा, बाकी वेळ म्हशींमागे रान. लग्न फौजीशी झालं आणि ती एकदम दिल्ली कॅन्टला येऊन पडली.

बाबा तेव्हा वर बर्फात होते. हवालदार ज्ञानोबा. नक्की कुठे होते ते आम्हाला माहीत नव्हतं, ते विचारायचंही नसतं. ज्यांचे नवरे अशा ठिकाणी असतात त्यांच्या कुटुंबांसाठी ठेवलेल्या क्वार्टर्समध्ये आम्ही दोघी राहायचो. पोस्टवर फोन एकच. दर रविवारी सकाळी जवान रांगेनं उभे राहायचे आणि प्रत्येकाला पाच मिनिटं मिळायची. त्यातली दोन माझी. ती माझ्या मार्कांतच खर्च व्हायची, म्हणून मला बाबांचा जरा रागच होता.

आमच्या ब्लॉकमध्ये मराठी घरं पाच. या पाच घरांत एक रीत होती, कोणी पाडली कोण जाणे. 'फोन आला का?' असं कोणी कोणाला विचारायचं नाही. कारण 'नाही' असं उत्तर आलं तर पुढे बोलायचं काय? त्याऐवजी जिच्या घरी फोन आला तिनं शिरा करायचा आणि बाकीच्या चार घरी एकेक वाटी पाठवायची. वाटी आली की समजायचं, माणूस ठीक आहे. जिच्याकडून वाटी आली नाही तिच्या घरी संध्याकाळी कोणीतरी कढीपत्ता मागायला जायचं आणि तासभर बसायचं. कॅन्टमध्ये वाढलेली आम्ही मुलं त्याला सूजीचा हलवा म्हणायचो आणि आयांची बोलणी खायचो.

मी तेव्हा नववीत होते. शाळेनं एक इंग्रजी कादंबरी वाचायला दिली होती. एक मुलगी आणि तिचा मामा उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशात सरोवरात नाव घेऊन जातात, वादळात नाव फुटते, मामाचा पाय मोडतो आणि माणसाचा मागमूस नसलेल्या जंगलात दोघं अडकतात. वाचून झाल्यावर प्रोजेक्ट करायचा होता: 'या कादंबरीतून किशोरवयीन मुलांनी काय शिकावं? दहा मुद्दे लिहा.' माझं डोकंच फिरलं. गोष्ट सांगायची तर सांगा, तिला शेपटीसारखे मुद्दे कशाला लावता?

पण आईनं 'जंगल' हा शब्द ऐकला आणि कान टवकारले. "मला सांग वाचून," ती म्हणाली. "नाहीतरी हे पाच किलो मटार सोलायचेत."

मग रोज शाळेतून आल्यावर लॉनवर आमचं सुरू झालं. दिल्लीतलं फेब्रुवारीचं ऊन फार प्रेमळ असतं. ते पाठीवर घ्यायचं, सतरंजी पसरायची, आणि मी इंग्रजीत वाचून मराठीत सांगायचं. माझं मराठी अर्धं हिंदीच. अडलं की आई शब्द पुरवायची. मी 'पानी जिथून निकलतं' म्हटलं की ती 'झरा गं, झरा' म्हणायची, आणि तिच्या तोंडून तो शब्द आला की मला खरोखर पाणी ऐकू यायचं. वरून पालमला उतरणारी विमानं घरघरत जायची, मटारचे दाणे पातेल्यात पडायचे, आणि ऊन, झोप आणि गोष्ट एकमेकांत मिसळून जायची. समोरच्या अशोकाच्या रांगेपलीकडे ते सरोवर आहे, उठून चार पावलं गेलं की दिसेल, असं मला वाटायचं. आई डोळे मिटून ऐकायची. तिचे हात मात्र चालू असायचे.

ती गप्प ऐकणाऱ्यांतली मुळीच नव्हती.

"ओली लाकडं पेटवायला हिला चार पानं लागली? पडलेल्या झाडाच्या पोटाखाली हात घाल म्हणावं, तिथलं लाकूड कोरडं असतं."

"आई, ती मला नाही ऐकू शकत."

"आणि रात्री विस्तव विझू कसा दिला? राखेत निखारा पुरून ठेवायचा. एवढंही कोणी शिकवलं नाही? पोरीची जात, चौदा वर्षांची घोडी."

अनोळखी फळ खाऊन ती मुलगी आजारी पडली तेव्हा तर आई खरोखर चिडली. म्हणाली, पाखरांनी खाल्लंय का ते आधी बघायचं असतं, आणि तरीही खायचं नसतं. मला हसू आवरेना. जी बाई कॅन्टबाहेर करोल बागेला जायचं तर शेजारच्या वृंदाकाकूंना सोबत घ्यायची, ती त्या जंगलात एकटी बिनधास्त फिरत होती. मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं ते त्या दिवसांत. ही माझी आई होण्याआधी कोणीतरी होती, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

मग एका रविवारी फोन आला नाही.

टीव्हीवर वरच्या भागात बर्फाचं वादळ असल्याचं दाखवत होते. आईनं टीव्ही बंद केला. युनिटच्या ऑफिसनं सांगितलं, लाइन डाउन आहे, काळजी करू नका. ते नेहमी असंच सांगतात. त्या दिवशी कोणाच्याच घरून वाटी आली नाही, आणि कढीपत्ता मागायला जाणार तरी कोण कोणाकडे?

सोमवारी मी शाळेच्या बसमध्ये बसून पुढची प्रकरणं वाचून काढली. वाचायला नको होती. बाराव्या दिवशी मामा मरतो.

दुपारी आई मटार घेऊन बसली आणि म्हणाली, "हं, मामाचा ताप उतरला का?"

मी म्हटलं, "उतरला."

एकदा जिवंत ठेवला म्हटल्यावर त्याला रोज जगवणं आलं. मी पुस्तकाची पानं उलटायचे, डोळे ओळींवरून फिरवायचे आणि मनानं सांगत सुटायचे. मामा काठी टेकत उभा राहिला. मामानं मासे पकडले. मामानं भाचीला एक गाणं शिकवलं. तो इतका जिवंत झाला की मलाच तो आवडायला लागला, आणि तो असेपर्यंत बाबांना काही होणार नाही, असं माझ्या मनानं घेतलं.

दुसऱ्या रविवारी मी शाळेबरोबर नोएडाला विज्ञान प्रदर्शनाला गेले होते. जायचं नव्हतं, पण आईनं ढकललं. दुपारी परतले तर जिन्यातच तुपाचा वास.

"फोन आला होता," आई म्हणाली. "मजेत आहेत. तुला विचारत होते. सगळ्यांकडे वाट्याही देऊन झाल्या."

मी दोन वाट्या शिरा खाल्ला आणि माझी दोन मिनिटं हुकली म्हणून आईशी भांडलेसुद्धा. त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले.

सोमवारी दुपारी आम्ही लॉनवर होतो. मी मामाला नवी नाव बांधायला लावली होती. तेवढ्यात सुरुचीकाकू आली. काकू म्हणायचं एवढंच, ती चोवीस वर्षांची होती आणि लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिचे यतीनकाका बाबांच्याच पोस्टवर होते. तिच्या हातात आमची वाटी होती, धुतलेली आणि रिकामी. शेजारची वाटी रिकामी परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे तिला आईनंच शिकवलं होतं.

"वहिनी, मला खरं सांगा," ती उभ्यानंच म्हणाली. "भाऊजी यांच्याबद्दल काय म्हणाले?"

"काही नाही गं. बस ना."

"काही नाही कसं? एकच फोन आहे तिथे. तुमचा फोन आला म्हणजे लाइन सुरू आहे. मग यांचा का नाही? मी सकाळपासून दोनदा ऑफिसला जाऊन आले. ते म्हणतात, लाइन बंद आहे. म्हणजे फक्त मलाच खोटं सांगतायत. तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही सांगत नाही." तिचे ओठ कोरडे पडले होते. "मी काल रात्रीच गावी कळवलं. मामंजी निघालेसुद्धा. रिझर्व्हेशन नाही, जनरल डब्यात बसलेत."

तिचे सासरे गुलाबराव सत्तरीला टेकलेले, दम्याचे पेशंट. सांगली ते दिल्ली.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं, ती आता बाबांनी काय सांगितलं ते सांगेल आणि सगळं सुरळीत होईल. ती उठली, सुरुचीकाकूच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "फोन आला नाही, सुरुची. माझ्याकडेही नाही. मी खोटा शिरा केला."

"का?"

"ही पोर आठवडाभर झोपेत दचकत होती. मला बघवेना. आणि हिला दिला तर तुम्हालाही द्यायला हवा होता, नाहीतर हिला कळलं असतं. तुझा विचारच केला नाही मी. चुकले."

सुरुचीकाकू मटकन खाली बसली आणि रडायला लागली. रडता रडता मध्येच हसत होती, कारण तिच्यासाठी ती बातमी चांगली होती. माझ्यासाठी नव्हती. मी उठून आईवर ओरडले, "मी दोन वाट्या खाल्ल्या! तू मला खाऊ दिल्यास! तुला काय मी लहान वाटते?" आणि त्या रागाच्या भरातच माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझा तो मामासुद्धा मेलाय! कधीच मेलाय!"

लॉनवरच्या बायका वळून पाहायला लागल्या.

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "मोडलेला पाय बारा दिवसांत कुठे उभा राहतो? माझ्या चुलत्याचा म्हशीनं मोडला होता, तो तीन महिने खाटेवर होता. मला वाटलं, सांगतेस तर सांग. तुला बरं वाटत असेल."

मी तिला सांभाळत होते, ती मला सांभाळत होती, आणि या सांभाळण्याच्या नादात एक दमेकरी म्हातारा जनरल डब्यात चेंगरून येत होता.

"आता वाच," आई म्हणाली. "जसं लिहिलंय तसं."

मी वाचलं. वृंदाकाकू आल्या, आणखी दोघी आल्या, सतरंजीवर जागा पुरेना. मामा पहाटे जातो. मुलगी त्याच्यावर दगड रचते. तो सगळा दिवस ती तिथेच बसून राहते, काही खात नाही, रडतही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ती तोंड धुते, बाटली भरून घेते आणि झऱ्याच्या कडेकडेनं चालू लागते. सात दिवस. माझा आवाज मध्येच फाटत होता. ऊन उतरलं, पातेल्यातले मटार तसेच राहिले, आणि आम्ही सगळ्या त्या मुलीच्या मागून एका ओळीनं चाललोय असं मला वाटत राहिलं.

वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटलं. मग आई म्हणाली, "तिला खोटं सांगणारं कोणी जवळ नव्हतं. म्हणून चालली पोरगी."

प्रोजेक्टमध्ये मी हाच एक मुद्दा लिहिला. मॅडमनी लाल पेननं 'इनकम्प्लीट' असा शेरा मारला. मारू देत.

बुधवारी गुलाबराव आले. आईनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवून माफी मागितली. ते धापा टाकत म्हणाले, "बरं झालं, या निमित्तानं दिल्ली बघितली," आणि दिवसभर लॉनवर उन्हात बसून राहिले.

गुरुवारी आमची अर्धी शाळा होती. दुपारी आई कणीक मळत असताना फोन वाजला. नंबर बघितला आणि मी किंचाळले. आईनं पिठाच्या हातानं फोन घेतला.

पलीकडून बाबा म्हणाले, "हॅलो."

"अहो, थांबा," आई म्हणाली. "काही बोलू नका. यतीनभाऊजी आहेत का तिथे? रांगेत? किती मागे? त्यांना पुढे बोलवा. तुमची पाच मिनिटं त्यांना द्या. का ते नंतर सांगते, आधी बोलवा."

आणि ती अनवाणी जिना उतरून पळत सुटली. मी तिच्या मागे. लॉन ओलांडून तिनं फोन सुरुचीकाकूच्या कानाला लावला. सुरुचीकाकू बोलली. कमी बोलली आणि जास्त रडली. गुलाबरावांनीही दोन शब्द बोलून घेतले. मी शेजारी उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, आता दे, आता तरी आमच्याकडे दे. मग लाइन कट झाली. आम्ही परत लावून पाहिलं, लागली नाही. रविवारपर्यंत लागली नाही.

मला तिचा इतका राग आला, आणि तेवढाच अभिमान वाटला, की कोणता आधी बाहेर काढावा ते कळेना.

"तू एक शब्द नाही बोललीस त्यांच्याशी," मी म्हटलं. "एक शब्द नाही ऐकलास."

"ऐकला की. हॅलो म्हणाले." आई आमच्या जिन्याच्या पायरीवर बसली. "आवाज बसलाय त्यांचा. सर्दी झालीय. गरम पाणी पीत नसणार."

आणि मागच्या फोनपासून अठरा दिवसांत पहिल्यांदा ती रडली.