कांद्यातली कॉपी

बायको गेली तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. ओट्यावरून आत, आतून ओट्यावर. आतल्या खोलीत तिचं सामान. भूकंपात गावाकडचं घर बसलं, आम्ही लातूरला आलो, आणि तिथून तिनं साठवायचं धरलं. डब्यात डबे, बिनडब्यांची झाकणं, पत्र्याच्या पेट्या, गोधड्या. वापरायची एक, ठेवायची दहा.

यंदा नात जळकोटहून क्लासला आली. तिला डॉक्टर व्हायचंय. पोरगा फोनवर म्हणाला, "बाबा, ती खोली रिकामी करू. रविवारी भंगारवाला आणतो. पोरीला अभ्यासाला जागा नको का?"

बोलला ते खरं होतं. म्हणून जास्तच लागलं.

रविवारी सकाळी मी कांदा चिरत होतो. नात मोठ्यानं पाठ करत होती. मधेच म्हणाली, "आजोबा, कांद्याच्या एका पेशीत आपल्यापेक्षा पाचपट डीएनए असतो."

"म्हणजे काय?"

"शरीर कसं बनवायचं त्याची पोथी समजा."

"कांद्याची पोथी माणसाहून जाड? त्याला काय कलेक्टर व्हायचंय?"

ती हसली. "त्यात काही तुकडे असतात. ते स्वतःची कॉपी करतात अन् पोथीत दुसरीकडं घुसवतात. लाखो वर्षं तेच. पोथी फुगत जाते. हुशारीचा संबंध न्हाई."

मला कॉपी एकच ठाऊक, दहावीच्या परीक्षेत खिडकीतून आत जाते ती.

"मग पथक येत न्हाई का धरायला?"

"येतं की. पेशी त्यांना गप्प बसवते. पण वर्गाबाहेर काढत न्हाई, पडून राहतात तिथंच. आपल्या पोथीतबी निम्मं तसलंच हाय."

"निम्मं फुकटचं?"

"बरंचसं. एखादा तुकडा कामाला येतो, एखादा बिघाड करतो. काही गळून जातात. एका माशाचं लई गळालं, त्याची पोथी एवढीशी."

"अन् मासा?"

"मजेत हाय."

हे मला आवडलं नाही. चिरलेला कांदा तसाच टाकून मी उठलो.

दुपारी पोरगा भंगारवाल्याला घेऊन आला. मी खोलीच्या दारात उभा राहिलो.

"पेट्या न्या, डबे न्या, झाकणं न्या. गोधड्यांना हात लावू नका."

"बाबा, एवढ्या पांघरणार कोण?"

"कुणीच न्हाई. पडून राहू द्या."

पेट्या गेल्या, तरी गोधड्यांच्या थप्पीपुढं नातीचं अभ्यासाचं टेबल बसेना. मग टेबल माझ्या खोलीत लावलं आणि माझी बाज ओट्यावर काढली. पोरगा म्हणाला, पावसाळ्यात काय करणार. म्हणालो, पावसाळ्यात बघू.