खांबापासून तिसरी

रविवारची पाळी आमच्यात कुणालाच नको असते, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. नवरा नाही, पोरंबाळं नाहीत, सातव्या मजल्यावर दोन खोल्या. ही बाई रविवारी घरी बसून करणार काय, असा बाकीच्यांचा सोयीचा विचार. बिल्बाओच्या ललितकला संग्रहालयात मी बावीस वर्षं दालनाच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर काढली. लोक चित्रांबद्दल काही विचारत नाहीत. संडास कुठे आहे ते विचारतात. मी बोट दाखवते आणि पुन्हा गप्प बसते.

दोमिनिका पहिल्यांदा आली ती तिच्या गावच्या म्हाताऱ्या मंडळींच्या सहलीबरोबर. मार्चचा पहिला रविवार होता. अरातियाच्या खोऱ्यातून एक बस भरून आली होती. दहा मिनिटांत दालन उरकून सगळे कॉफीला पळाले आणि ही एकटी मागे राहिली. चौऱ्याऐंशी वर्षांची, बुटकी, काळा कोट, हातात पावाची कापडी पिशवी. उभी होती ती कोपऱ्यातल्या मोठ्या चित्रासमोर. त्या चित्रापाशी सहसा कुणी थांबत नाही, फार काळोखं आहे ते. जुन्या चर्चच्या जमिनीवर काळ्या कपड्यांतल्या बायका गुडघे टेकून बसल्या आहेत आणि प्रत्येकीसमोर एक बारीकसा उजेड. मध्ये लाकडी खांब. खांबाच्या उजवीकडे सहा जणी, डावीकडे तीन. डावीकडची तिसरी अगदी चौकटीला खेटून.

मी डुलकी काढत होते, खोटं कशाला सांगू. काडेपेटीच्या खडखडाटाने डोळे उघडले. बाईने पिशवीतून माणसाच्या आकृतीसारखी कापलेली, हातभर लांबीची एक काळी पडलेली लाकडी पाटी काढली होती. तिच्यावर पिवळी मेणवात, म्हणजे मेणात बुडवलेली लांब वात, गुंडाळलेली, आणि दुसऱ्या हातात काडी.

"अहो बाई! डोकंबिकं फिरलंय का तुमचं?"

"ओरडू नकोस," ती शांतपणे म्हणाली, "चर्चमध्ये आहेस."

"हे संग्रहालय आहे!"

"ते तुझ्या पाठीमागे. माझ्यासमोर आमच्या गावचं चर्च आहे." तिने काडीनेच दाखवलं. "ती बघ, खांबापासून तिसरी. ती आमची."

"ती तुमची कोण?"

"बाई कोण का असेना. जागा आमची. इतुराल्देची."

इतुराल्दे हे तिच्या घराचं नाव. डोंगरातल्या घरांना नावं असतात आणि माणसं त्या नावानेच ओळखली जातात, एवढं मला शहरात वाढूनही ठाऊक होतं. बाकीचं तिने सांगितलं, मी काडेपेटी हिसकावून घेतल्यावर आणि तिला माझ्या खुर्चीवर बसवल्यावर. पूर्वी चर्चच्या जमिनीवर प्रत्येक घराची स्वतःची जागा असायची. घरातलं माणूस गेलं की घरच्या बाईने वर्षभर दर रविवारी त्या जागेवर मेणवात लावायची. त्या उजेडात मेलेल्याला वाट दिसते. वर्ष पुरं झालं की तो पोचला. बाईचं काम संपलं.

"आणि नाही लावली तर?"

"नाही लावली तर अंधारात राहतो. आमचा सिप्रियानो आहे ना तसा."

सिप्रियानो तिचा थोरला भाऊ. विसाव्या वर्षी मेंढ्या राखायला अमेरिकेत गेला, तिकडच्या डोंगरांत. आमच्याकडची कितीतरी पोरं तेव्हा जायची. पंधरा वर्षं वर्षातून दोन पत्रं यायची, मग यायची थांबली. दोन हिवाळे गेल्यावर तिकडच्या खाणावळीच्या मालकिणीचं पत्र आलं, की बर्फात मेला. पत्र आलं त्याच वसंतात गावच्या चर्चचं काम निघालं होतं. जुनी जमीन उखडली, वर सिमेंट ओतलं, ज्यांच्यापासून जागा मोजायच्या ते लाकडी खांब काढले, बाकडी ठोकली. कुणाची जागा कुठे होती हे कुणालाच सांगता येईना. बायका दोन वर्षं त्यावरून भांडत होत्या.

"आई म्हणाली, अंदाजाने नाही लावायची. चुकीच्या जागी लावलीस तर दुसऱ्या घरचे मेलेले उजेड घेऊन जातील, आणि आपला तसाच राहील. मरताना माझा हात धरून म्हणाली, जागा शोध आणि त्याचं वर्ष कर. बेचाळीस वर्षं झाली पोरी. मी सिमेंटवर पावलं टाकून मोजायची. पाद्रीबाबा म्हणतो, दोमिनिका, तिकडे पेटीत नाणं टाक, विजेचा दिवा लागतो. विजेचा! मी म्हटलं, बाबा, तुझ्या आईला लाव तो."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असेन, कारण दारातल्या पेयोने वळून पाहिलं. पेयो माझा सहकारी, चांगला माणूस, पण बोलका.

तिथेच आमचं ठरलं. इथे ज्योत नाही. मेणवात वीतभर सोडायची, जागेला दाखवायची, एक माळ जपायची आणि घरी जाऊन चुलीजवळ लावायची. जागा दाखवली की ज्योतीला वाट कळते, असं तिनेच ठरवलं. बावन्न रविवार.

ती येत राहिली. सकाळची बस, दोन तासांचा प्रवास, गुडघ्याला पट्टा. रविवारची प्रार्थना चुकायची, तर म्हणायची, "देवाला ठाऊक आहे मी कुठे असते ते." तिचं आयुष्य मला असं वीतवीतभर कळलं. लग्न करून नवरा तिच्याच घरी आला होता, घर तिच्या नावावर म्हणून. मूल झालं नाही. नवरा बिटाच्या रंगाच्या तोंडाने कायम रागावलेला असायचा आणि एके दिवशी गवत कापताना मेला. तोही अंधारातच, पण त्याचं तिला फारसं दुःख दिसलं नाही. "त्याला अंधारातलं दिसायचं, कोठारातली बाटली बरोबर सापडायची." मिरच्या आणि लाल घेवडा पिकवून तिने घर एकटीने उभं ठेवलं. आता ते नवऱ्याच्या पुतण्याला, अंदोनीला जाणार होतं. त्याला तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या.

"तुझ्या शेजारी कोण राहतं गं?" तिने एकदा विचारलं.

"कुणीतरी जोडपं आहे. नाव माहीत नाही."

"मग तू मेलीस की तुझ्या घरचं कोण करणार? आमच्यात घरची बाई नसली तर पहिली शेजारीण करते, सगळ्यात जवळच्या घरची."

"करील महापालिका," मी म्हटलं.  मग पिशवीतून मूठभर अक्रोड काढून तिने माझ्या मांडीवर ठेवले. पुढे दर रविवारी ठेवायची. मी तिला अमामा म्हणायला लागले, आम्ही आजीला म्हणतो तसं. कधी लागले ते आठवत नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला कार्यालयाचा कागद आला. दालनाच्या भिंतींचं काम निघणार, फेब्रुवारीत चित्रं कोठारात, दोन वर्षं तरी. मी बोटांवर रविवार मोजले. एकोणपन्नास होत होते. तीन कमी पडत होते.

तेव्हाच सांगितलं असतं तर? वरच्या साहेबांकडे जाऊन पाया पडले असते, एक चित्र तीन आठवडे राहू द्या म्हटलं असतं, तर कदाचित ऐकलंही असतं. मी गेले नाही. बावीस वर्षांत मी वरच्या मजल्यावर कधी काही मागायला गेले नव्हते आणि एका म्हातारीच्या मेणवातीसाठी जायची मला लाज वाटली. तिलाही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत सहा रविवार गेले. कागद खिशात आणि मी अक्रोड खात होते. ती म्हणायची, "आता सातच उरले," "आता सहा," आणि तिचा चेहरा असा व्हायचा, की माझी जीभच उचलायची नाही. पन्नासाव्या रविवारी मला ताप आला. म्हणजे मी तसं कळवलं.

पेयोने दोन दिवसांनी सांगितलं. "तुझी म्हातारी आली होती. नुसत्या भिंतीसमोर अर्धा तास उभी. मला विचारलं, खांब कुठाय? मी म्हटलं, कोठारात. मग पुन्हा म्हणाली, खांब कुठाय? तिला बसपर्यंत पोचवून आलो. तू सांगितलं नव्हतंस होय?"

"तुला काय करायचंय?" मी त्याच्यावर खेकसले.

पुढच्या रविवारी मी पाळी बदलून घेतली, आमच्या संग्रहालयाच्या दुकानातून त्या चित्राचं पोस्टकार्ड घेतलं आणि अरातियाची बस धरली. इतुराल्दे चढावर आहे. दार उघडंच होतं. ती स्वयंपाकघरात, चुलीजवळ, आठ दिवसांत निम्मी झालेली.

"बरी झालीस का?" तिने विचारलं. तापाबद्दल विचारत होती.

मी कार्ड पुढे केलं. तिचा चेहरा उजळला. टेबलावरच्या मेणकापडावर कार्ड ठेवून तिने भिंग घेतलं आणि बोट फिरवायला लागली. "हा खांब. ही पहिली, उरियार्तेची. ही दुसरी, बेल्त्राँची." बोट पुढे सरकलं आणि पांढऱ्या कडेवर थांबलं.

कार्ड छापताना त्यांनी चित्र बाजूने कापलं होतं. तिसरी त्यात नव्हती. मी येताना बसमध्ये दोन तास ते कार्ड हातात धरून बसले होते आणि एवढं साधं मला दिसलं नव्हतं.

 मग पहिली आणि दुसरी यांच्यात तिने दोन बोटं ठेवून अंतर घेतलं आणि तीच दोन बोटं दुसरीच्या पुढे, कार्डाच्या कडेबाहेर, मेणकापडावर ठेवली. "इथे," ती म्हणाली. तिने पाटी आणली, कडेबाहेर त्या जागी टेकवली आणि वात लावली. मेणाचा वास स्वयंपाकघरभर पसरला. पहिल्यांदाच मी ती पेटलेली पाहत होते.

ज्योतीकडे बघतच तिने विचारलं, "तुला ठाऊक होतं का गं?"

"नाही अमामा," मी म्हणाले. "आम्हाला कोण सांगतंय?"

"हं," ती म्हणाली. मग, "भिंतीसमोरचा रविवार धरायचा नाही. अजून दोन."

निघताना तिने अक्रोड दिले.

पुढच्याच्या पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, अंदोनीचा फोन आला. काकू बुधवारी गेली, चुलीजवळच्या खुर्चीत. माझा नंबर टेबलावर लिहून ठेवला होता. मी गेले तेव्हा सगळं उरकलं होतं. दहन केलं होतं आणि राख मागच्या मळ्यात टाकली होती. "काकूचं काही म्हणणं नसतं," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. मेणकापड त्याने गुंडाळून दाराशी टाकलं होतं. त्यावर मेणाचे दोन गोल डाग होते, एकमेकांवर पडल्यासारखे. म्हणजे एक्कावन्नावा रविवार तिने एकटीने केला होता.

"ते लाकूड कसलं हो?" त्याने सरपणाच्या ढिगातून पाटी उचलली. "पाहिजे असेल तर न्या."

पुढचा रविवार बावन्नावा. दालन बंद होतं, मला सुट्टी होती. सातव्या मजल्यावर माझ्या जेवणाच्या टेबलावर मी कार्ड ठेवलं, दोन बोटं मोजली आणि कडेबाहेर पाटी टेकवली. मेणवात शेवटची वीतभरच राहिली होती. ती पेटली. सिप्रियानोला मी कधी पाहिलं नव्हतं, अशा वेळी काय म्हणतात तेही मला ठाऊक नव्हतं, म्हणून म्हटलं, "चला, झालं तुमचं वर्ष. बहिणीने केलं."

मग जे त्या स्वयंपाकघरात म्हणायचं होतं तेही म्हटलं. "अमामा, मला ठाऊक होतं. सहा आठवडे ठाऊक होतं." ज्योत होती तशीच जळत राहिली आणि मी रडले, मोठ्याने, शेजारच्यांना ऐकू जाईल इतकं.

वात पार लाकडापर्यंत जळली. दोमिनिकाचं वर्ष धरायचं तर घरची बाई हवी, आणि इतुराल्देत आता बाई नाही. पहिली शेजारीण चालते, असं तीच म्हणाली होती, म्हणून ती मीच व्हायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मी जुन्या गावठाणातल्या सगळ्या मेणबत्तीवाल्यांकडे फिरले. तसली मेणवात आता कुणीच करत नाही.