लॉनवरचा रणगाडा

ट्रेनिंग संपवून मी रेजिमेंटला दाखल झालो तेव्हा रेजिमेंट राजस्थानात होती. आमच्याकडे टी-५५ रणगाडे होते. तुम्ही त्याला टँक म्हणता. आम्ही गाडी म्हणायचो. मला ड्रायव्हर म्हणून जी गाडी मिळाली तिचे कमांडर दफादार सतबीर होते, हरियाणाचे. गनर होता लान्स दफादार विष्णू अढाऊ. त्याचं गाव अकोटजवळ, माझं तेल्हारा तालुक्यात. एका गाडीत दोन वऱ्हाडी. हेडफोनवर विष्णू मला म्हणायचा, "गावंडे, हळू घे ना बापा, आतडे घुसळून राहिले." मागून सतबीरसाहेबांचा आवाज यायचा, "अकोला रेडिओ बंद करो."

रोजचं काम सांगतो. सकाळी पीटी, मग गाडीची मेंटेनन्स. पट्टा कसायचा, फिल्टरमधली वाळू झाडायची, ऑइल बघायचं. उन्हाळ्यात पाना हातात धरायला फडकं गुंडाळावं लागे. विष्णू गनच्या दुर्बिणीची काच मलमलच्या कापडानं पुसायचा आणि ते कापड दुसऱ्या कुणाला देत नसे. कामात कडक आणि बोलायला मोकळा. त्याला मुलगी झाली तेव्हा तो रजेवर होता. पुढच्या रजेत ती चालायला लागलेली त्यानं पाहिली. नंतर पाहणं झालं नाही.

विष्णू त्याच गाडीत गेला. ते पुढे सांगतो. आधी ज्या गोष्टीमुळे लिहायला बसलो ती सांगतो.

मी रिसालदार होऊन रिटायर झालो आणि अकोटला घर बांधलं. इकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला लोक मेजर म्हणतात. मीही मेजर झालो. दरम्यान आमच्या जुन्या गाड्या फौजेतून गेल्या. इंजिन काढायचं, गन निकामी करायची आणि गाडी एखाद्या शहराला किंवा कॉलेजला द्यायची, अशी पद्धत आहे. त्यावर माझी तक्रार नाही. एका गावी मी पाहिलं, चौकात रेलिंग लावून गाडी ठेवली आहे, रंग नीट आहे, पोरं उभी राहून माहिती वाचतात. मला बरं वाटलं.

माझी तक्रार अमरावतीच्या बायपासवरच्या गाडीबद्दल आहे. तीही टी-५५च, एका कॉलेजला मिळाली होती. संस्था बंद पडली. जागा विकली गेली, जागेबरोबर गाडीही. तिथं लग्नाचं लॉन झालं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टरेटवर, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजावर, कीटकनाशकाची जाहिरात रंगवलेली होती: 'गुलाबी बोंडअळीवर थेट तोफगोळा'. पुढच्या खेपेला गनच्या नळीला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स टांगलेलं. काळा चष्मा लावून हात जोडलेला पुढारी वाऱ्यानं हलत होता. एकदा माळ्याच्या बायकोनं नळीवर साड्या वाळत घातल्या होत्या. तिचा मला राग आला नाही. कपडे वाळवणं ही गरज आहे. राग बाकीच्यांचा आला. मग कधीतरी गाडीला चंदेरी रंग दिला, पट्ट्यांना गुलाबी, आणि लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येऊ लागली. मुलगी नळीला रेलून उभी, मुलगा टरेटवरून गुलाब देतो.

तोवर मी तिकडे पाहायचं नाही असं ठरवून एसटीत उजवीकडची सीट धरत होतो.

यंदा विष्णूच्या मुलीचं लग्न ठरलं. रेणुका तिचं नाव. अकोल्याला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मुलगा अमरावतीचा, अक्षय राऊत. चांगला मुलगा आहे. विष्णूची बायको सुनंदावहिनी मला घरचा वडील माणूस म्हणून बैठकीला घेऊन गेली. चहा झाला. मुलाचे वडील राऊतभाऊ हौशी माणूस. त्यांनी मोबाइल काढला आणि एक व्हिडिओ माझ्यासमोर धरला. तीच चंदेरी गाडी. टरेटवर नवरदेव तलवार घेऊन उभा. गाडीखालून धूर सोडलेला. डीजेवर तोफेचा आवाज झाला आणि नळीतून कागदी पाकळ्या उडाल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"टँक एंट्री," राऊतभाऊ म्हणाले. "आपला अक्षयबी असाच येईन. तुमचीच गाडी हाय ना हे, मेजर? म्हणून मुद्दाम हे लॉन घेतलं."

माणूस मनापासून बोलत होता. मी वहिनीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली आणि पदराचं टोक मुठीत धरलं. मी पाणी प्यालो.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "भाऊजी, काही बोलू नका. तुमच्या पाया पडतो."

"वहिनी, धूर सोडतात ते. धूर. विष्णूच्या पोरीसमोर."

"मले का समजत नाई? पण लग्न मोडलं तं? बिनबापाची पोर हाय. लोकं तिलेच नावं ठेवतीन."

राऊतांना काही बोलणार नाही, असा शब्द मी दिला. लॉनवाल्याबद्दल शब्द दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी एकटा लॉनवर गेलो.

मॅनेजर पस्तिशीतला होता, कानात फोन. मी गाडीवर चढलो. त्यानं अडवलं नाही, पाहुणा समजला असेल. कमांडरचं झाकण उघडं होतं. आत वाकून पाहिलं. पाकळ्यांची पोती. गुटख्याच्या पुड्या. बिअरच्या बाटल्या. आणि गनच्या डावीकडे, गनरची सीट असते तिथं, पाकळ्या उडवायचा कंप्रेसर बोल्टनं कसलेला.

मी खाली उतरलो. "हे कोणी केलं?"

"काय, काका?"

"ती माणसाची बसायची जागा आहे."

"काका, भंगार हाय ते. पडून सडून राहिलं होतं. आमी त्याले काम देल्लं."

"काम? हिचं काम तुला माहीत आहे का?"

"तुमी काहून तापून राहिले? गाडी लॉनची हाय, तुमच्या बापाची नाई."

मी त्याची कॉलर धरली. या वयात धरायला नको होती, पण धरली. माळ्यानं मला सोडवलं. मॅनेजरनं बुकिंगवाल्या नवरदेवाला फोन लावला, की तुमचा कोणी मेजर येऊन मारामारी करून राहिला.

अशा रीतीनं गोष्ट अक्षयकडे गेली आणि अक्षयकडून रेणुकाकडे. रविवारी ती अकोटला माझ्या घरी आली. बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "काका, तुमी लॉनवर भांडले काहून? आईले विचारलं तं ते रडते. काही सांगत नाई."

"तुझे बाबा कसे गेले, तुला काय सांगितलंय?"

"सरावात अपघात झाला. बस इतकंच."

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. तिला सांगितलं तेच इथं लिहितो.

आम्ही सीमेवर होतो. लढाई सुरू नव्हती. रोज सकाळी जागा बदलायची, गाड्या झाकायच्या, पुन्हा काढायच्या. त्या दिवशी नाश्ता करून निघालो. थोडं अंतर गेलो असू, टरेटमधून जळक्या वायरचा वास आला.

"ड्रायव्हर, रोको," सतबीरसाहेब म्हणाले. मी थांबवली. लगेच विष्णूचा आवाज, "आग. टरेट में आग." मग साहेबांचा, "बेल आउट! बेल आउट!" म्हणजे गाडी सोडा. रेडिओवर ते आमची खबर देत होते ती अर्धीच गेली.

ड्रायव्हर पुढे खाली एकटा बसतो, त्याचं झाकण वेगळं. मी बाहेर पडलो. टरेटमध्ये तिघे असतात. गोळे भरणारा लोडर गनच्या उजवीकडे, त्याला त्याचं झाकण. तो उडी मारून बाहेर आला. डावीकडे कमांडर आणि त्याच्या पुढ्यात, खाली, गनर. त्या दोघांना मिळून एक झाकण. कमांडर बाहेर पडेपर्यंत गनरला वाट नसते.

झाकण उघडलं. काळा धूर आला. सतबीरसाहेबांचं डोकं आणि एक हात वर आला आणि तिथंच लुळा पडला. धुरानं त्यांची शुद्ध गेली होती. मी टरेटवर चढून त्यांच्या अंगातली डांगरी खांद्याजवळ धरली आणि ओढलं. साहेब उंचापुरे, धिप्पाड. कमरेत अडकले. मी एकटा त्यांना उचलू शकत नव्हतो. आणि अचानक ते हलके झाले. खालून कोणीतरी त्यांना खांद्यावर घेतलं होतं आणि वर लोटत होतं.

"वढ, गावंडे, वढ!"

मी ओढलं. साहेब बाहेर आले आणि आम्ही दोघं गडगडत वाळूत पडलो. मी उठून पुन्हा चढलो. तोवर झाकणातून जाळ वर आला होता. मी हाका मारल्या. मग दुसऱ्या गाडीच्या लोकांनी मला धरून मागं ओढलं, कारण आतला दारूगोळा फुटायला लागला होता.

एवढंच आहे. विष्णूला साहेबांना सोडून गनच्या मागून लोडरच्या झाकणाकडे जायचा प्रयत्न करता आला असता. त्यानं तो केला नाही.

रेणुका म्हणाली, "बाबा कोणत्या बाजूले बसत होते?"

"गनच्या डावीकडे."

"तिथं आता काय हाय?"

मी सांगितलं. ती उठली, चपला घातल्या आणि गेली.

त्याच दिवशी तिनं अक्षयला सगळं सांगितलं. अक्षय बापाला म्हणाला, मी पायी येतो. राऊतभाऊ भडकले. पाहुण्यांना सांगून झालं होतं, लॉनवाल्याची सगळी तयारी झाली होती, आणि आता नवऱ्या मुलीचा हट्ट. सुनंदावहिनीला वाटलं, झालं, मोडलं. तिनं मला फोनवर नाही नाही ते ऐकवलं. मी ऐकून घेतलं. लग्न मोडलं नाही, पण टँक एंट्रीही रद्द झाली नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी सतबीरसाहेब आले. आमंत्रण मी दिलं होतं, येतील असं वाटलं नव्हतं. गुडघे गेलेले, हातात काठी, मानेपासून कानापर्यंत जळल्याची खूण. मी त्यांना स्टेशनवरून थेट लॉनवर नेलं. तिथं राऊतभाऊ मॅनेजरशी बोलत होते. वहिनी आणि रेणुका मांडवात होत्या.

साहेबांनी गुलाबी पट्टे पाहिले, चंदेरी टरेट पाहिला. जवळ जाऊन मडगार्डला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. गाडीवर चढताना आम्ही रोज असंच करायचो.

"हे कोन पाहुणे?" राऊतभाऊंनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत साहेबच बोलले. "मैं इस गाड़ी का नहीं, इसकी बहन का कमांडर था. बच्ची के बाप ने मुझे बाहर निकाला. खुद अंदर रह गया."

राऊतभाऊंनी त्यांच्या मानेकडे पाहिलं. मग गाडीकडे. मग माझ्याकडे.

"मेजर, बैठकीत काहून नाई सांगितलं तुमी?"

वहिनी पुढे आली. "मी नको म्हनलं होतं, भाऊ."

राऊतभाऊ मॅनेजरला म्हणाले, "पाना आन." तो म्हणाला, उद्या काढू. "आत्ता आन." मॅनेजर पाना घेऊन आला. मी आत उतरलो, चार बोल्ट काढले आणि अक्षयच्या मित्रांनी दोरी लावून कंप्रेसर वर ओढला. बाटल्या, पुड्या, पोती, सगळं बाहेर काढलं. राऊतभाऊंनी स्वतः गनवरच्या झिरमिळ्या तोडल्या.

मग रेणुका चढली. हातावर मेंदी, अंगावर पिवळी साडी. मी तिला कुठं पाय ठेवायचा ते दाखवलं. ती झाकणातून आत उतरली आणि डावीकडे पत्र्यावर बसली. दुर्बिणीच्या जागी नुसतं भोक आहे. तिनं तिथं हात ठेवला. वहिनी खाली उभी होती. तिनं पोलादावर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. ऊन होतं, चटका बसत असणार. तिनं हात काढला नाही.

काही वेळानं ती खालूनच म्हणाली, "रेणू, ये आता बाहेर. हळद लावाची हाय."

रेणुकानं हात वर केला. मी धरला आणि ओढलं.

लग्न झालं. अक्षय पायी आला. राऊतभाऊंनी डीजेवाल्याला तोफेचा आवाज लावू दिला नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी त्याच रस्त्यानं गेलो. कंप्रेसर परत बसवला होता. दुसरा नवरदेव, दुसरी तलवार. मी दोन-तीन ऑफिसांत जाऊन आलो. एकानं सांगितलं गाडी आता आमच्याकडे येत नाही, दुसऱ्यानं सांगितलं ती तर शोभेची वस्तू आहे, खासगी आहे. म्हणजे फौजेची नाही, सरकारची नाही, जो पाकळ्या उडवतो त्याची आहे.

आणखी एक सांगतो. विष्णूच्या गावात शाळेसमोर दगडी स्तंभ आहे. त्यावर लढाईत गेलेल्यांची नावं आहेत. विष्णूचं नाही. मी विचारलं, काहून नाही? सांगितलं, मेजर, ते लढाईत नाई गेले, अपघातात गेले. ज्यांनी हे सांगितलं त्यांच्यापैकी कोणी कधी जळत्या लोखंडात एका माणसाला खांद्यावर घेऊन उभं राहिलेलं नाही.

म्हणून इथं लिहितो. लान्स दफादार विष्णू अढाऊ, गनर. त्यानं कमांडरला बाहेर काढलं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. पोरगी आता त्याच्या वयाची झाली.