गोंडीतली अर्धी दवंडी

"गुलाबचा भोंगा वाजला म्हणजे कागद पाहाचं काम नाई," असे धानोऱ्याच्या आसपासच्या गावांत शेजारीपाजारी म्हणत. त्यावर कोणीतरी हमखास जोडे, "त्याची बायको कांता तेवढी त्याचं आयकत नाई."

गुलाब रामटेके यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर गावकीची दवंडी कायमची टाकली होती. गुलाबभाऊंनी पुढे माइक हाती धरला तो स्वतःच्या मर्जीने, कोणाच्या हुकमाने नव्हे. सायकलीला भोंगा बांधून ते गावोगाव फिरत. लसीकरण असो, ग्रामसभा असो की तेंदूपत्त्याचा हंगाम, प्रत्येक गोष्ट ते दोनदा सांगत: आधी मराठीत, मग गोंडीत. लहानपणी आईबरोबर पाने तोडायला जाताना ती भाषा त्यांच्या तोंडी बसली होती. शेवटी ते आपले नाव सांगत. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांना ते नाव सहीशिक्क्यासारखे होते.

साठी उलटली आणि दम पुरेना, तेव्हा त्यांनी गोंडीचा भाग सोडून दिला. "आता सगळ्यायले मराठी समजते," असे ते म्हणत. कोणी तक्रार केली नाही.

गेल्या वर्षी गावाने तेंदूपत्ता स्वतः विकायचा की ठेकेदाराला द्यायचा, हे ग्रामसभेत ठरायचे होते. तारीख गुलाबभाऊंनीच सांगितली होती. सभेच्या आदल्या दिवशी ते मुलीकडे अहेरीला गेले, आणि इकडे मोबाइलवर त्यांचा आवाज फिरला: सभा पुढच्या मंगळवारी. शेवटी नावही होते. दुसऱ्या दिवशी बाया निर्धास्तपणे सरपणाला गेल्या. सभेला मोजकीच माणसे जमली आणि हंगाम ठेकेदाराकडे गेला.

पुढे उघड झाले की तो आवाज संगणकाने घडवला होता. ठेकेदाराच्या मुनशीने गुलाबभाऊंच्या जुन्या दवंड्यांचे व्हिडिओ गोळा करून तो बनवून घेतला होता. गावाने गुलाबभाऊंना दोष दिला नाही. फक्त बुधरीबाई, ज्यांनी त्यांच्या आईसोबत पाने तोडली होती, सायकलीसमोर उभ्या राहिल्या.

"काऊन रे गुलाब, गोंडी काऊन सोडली तू?"

"दम लागते, बाई."

"तू पहिल्यासारखा गोंडीत बोलत असता, तर हे खोटं मी तवाच ओळखलं असतं. त्या मशीनले आपली गोंडी कुठी येते?"

गुलाबभाऊंनी भोंगा सोडून सायकलीच्या कॅरियरवर ठेवला. त्यानंतर तो कोणी वाजलेला ऐकला नाही. ते निरोप घरोघरी जाऊन सांगू लागले, आणि तरीही एखादी सून दारातून विचारे, "खरंच ना, भाऊ?"

फिर्याद द्यायला ते ठाण्यात गेले, तेव्हा शेजारी म्हणून मी सोबत होतो. अधिकारी समजूतदार होते. संगणकाच्या आधारे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांनी कलम वाचून सांगितले. मग म्हणाले, "तुम्ही निश्चिंत राहा, काका. कायदा तुमच्या बाजूने आहे. यात तुमची काहीच चूक नाही."

ठाण्यात लिहून घेतलेला फिर्यादीचा कागद गुलाबभाऊंनी परत सरकवला, सही केली नाही.

"मुनशीनं माहा आवाज चोरला, हे बरोबर लिवलं, साहेब. पन गोंडी मीच सोडली होती. तेही लिवा, मंग सही करतो."