नणंद पुढून, वहिनी मागून

नोरीन ट्रँटर आमच्या बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर निशाणाकडे चेंडू घरंगळवायच्या खेळात, चाळीस वर्षं संघाचा पहिला चेंडू टाकत आलीय. यंदा हिवाळ्यात तिचा खुबा बदलला, आणि त्याच आठवड्यात नणंद मेव्हिसचाही. मेव्हिसला डॉक्टरांनी पुढून कापलं, नोरीनला मागून; पुढून कापलं की माणूस लवकर चालायला लागतो म्हणे. तिसऱ्याच आठवड्यात मेव्हिस काठीशिवाय केक घेऊन हजर. नोरीन अजून वॉकरला लटकलेली.

"वहिनी, यंदा तुझी जागा मीच सांभाळते."

"आधी केक खाली ठेव, हात थरथरतोय तुझा."

मग मेव्हिस व्हरांड्यात बसून कौतुक ऐकत राहिली आणि नोरीन रोज तळ्याकाठी पावलं मोजत राहिली.

तीन महिन्यांनी, पहिल्या सामन्याआधी, कप्तान आल्फने दोघींना हिरवळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालवलं. दोघी बरोबरच पोचल्या. आता चेंडू टाकायचा. पण मागून कापल्यामुळे नोरीनला आणखी महिनाभर वाकायची मनाई. वाकता न येणाऱ्यांसाठी क्लबात चेंडू पकडायची लांब दांडी असते. 'म्हाताऱ्यांचा चिमटा' म्हणून नोरीनने तिची जन्मभर टर उडवली होती. आज तिने ती मुकाट्याने उचलली. तिचा चेंडू निशाणाच्या पांढऱ्या चेंडूला जाऊन टेकला. मेव्हिसचा हातभर लांब राहिला.

जागा नोरीनचीच राहिली. मेव्हिसने हळूच मला विचारलं, "तो चिमटा कुठे मिळतो रे?"