जाण्याची तारीख

आमच्या मिशनच्या दवाखान्यात दोन सिस्टर होत्या. मोठ्या सिस्टर सगळं चालवायच्या आणि छोटी सिस्टर सगळं सांडायची. आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने जंतुनाशकाची मोठी बाटली फोडली, दोन पेशंटच्या गोळ्या अदलाबदल करता करता राहिली आणि माझ्या चष्म्यावर बसली. मी कपाळाला हात लावला. तेवीस वर्षांची पोर, परदेशातून दोन वर्षांच्या सेवेसाठी मिशनने पाठवलेली. तिकडे वडिलांचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान, आई शाळेत शिक्षिका, पाठचा एक भाऊ. नर्सिंगचं म्हणाल तर तिला काही म्हणजे काही येत नव्हतं. प्रार्थना येत होती, आणि दुखणाइताकडे नाक न मुरडता बघता येत होतं. बाकीचं मी शिकवलं.

मी तिथला कंपाउंडर. बत्तीस वर्षं त्याच काउंटरमागे उभा. मी पगारी माणूस, देवाशी माझं कधी भांडण नव्हतं, पण फारसं येणंजाणंही नव्हतं. आमची भाषाही ती माझ्याकडूनच शिकली, त्यामुळे माझं खेकसणं तिच्या बोलण्यात जसंच्या तसं उतरलं. "काय कटकट आहे!" हे ती इतक्या गोड आवाजात म्हणायची की इंजेक्शन घ्यायला आलेली माणसंही हसायची.

सहा महिन्यांत तिचा हात बसला. वर्षभरात तर जखमा बांधण्यात ती माझ्यापुढे गेली, आणि हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

ड्रायव्हरकाकांकडे ती रोज सकाळी दहाला जायची. काकांनी शहराच्या बसवर तीस वर्षं काढली होती. आता दोन खोल्यांच्या घरात खिडकीशी पलंग टाकून पडलेले असायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा कामासाठी दूरच्या गावी, घरात फक्त सून. ती पॅकिंगच्या कारखान्यात सकाळी सातला जायची आणि चारला यायची. काकांना साखर होती, तळव्याला जखम होती आणि पावलाला संवेदना नव्हती. खिळा घुसला तरी कळणार नाही अशी गत. अशा पायाची काळजी दुसऱ्याने घ्यावी लागते, रोज, न चुकता. नाहीतर पाय जातो.

छोटी सिस्टर जखम धुण्याआधी डोळे मिटून चार शब्द पुटपुटायची. काका तेवढा वेळ कसेबसे गप्प बसायचे आणि मग ओरडायचे, "झाले का प्रवासी चढून? सोडू का गाडी?" ती म्हणायची, "काका, काय कटकट आहे!" मग दोघंही हसायची. हे अकरा महिने चाललं. वाटीएवढी जखम शर्टाच्या बटणाएवढी झाली. चिडका, सुनेशीसुद्धा कामापुरतं बोलणारा तो म्हातारा साडेनऊपासून दाढी करून तयार बसायला लागला.

आणि मग तिचे पाच आठवडे उरले.

आता मिशनचा एक नियम सांगायला हवा. सेवा संपवून जाणाऱ्या मुलीने जाण्याची तारीख कुणालाही सांगायची नाही. निरोप नाही, भेटवस्तू नाही, रडारड नाही. एके दिवशी सकाळी ती नसते, आणि तिच्या जागी दुसरी असते. पूर्वी कधीतरी एका सिस्टरच्या निरोपाला अर्धी वस्ती दारात येऊन बसली होती, आणि एका बाईने तर आपलं तान्हं मूल तिच्या हातात दिलं होतं, "घेऊन जा," म्हणून. तेव्हापासून हा नियम. लोकांचा जीव सेवेत गुंतावा, सेवा करणाऱ्यात नको, असं मोठ्या सिस्टर म्हणायच्या. ऐकायला बरं वाटतं. मलाही तेव्हा पटलं होतं.

छोटी सिस्टर माझ्यापाशी येऊन बसली. "दादा, काकांचं काय करू? ते दुसऱ्या कुणाला पायाला हात लावू देत नाहीत."

"सुनेला शिकव," मी म्हटलं. "पहिला आठवडा तिने बघायचं, दुसऱ्या आठवड्यात तू बघायचं, आणि तिसऱ्यापासून तू जायचंच नाही. तू गावात असतानाच त्यांना सवय होऊ दे. काही अडलं तर निस्तरायला आपण आहोतच."

केवढा शहाणा मी! बत्तीस वर्षांचा अनुभव ना.

सून कारखान्यातून आल्यावर आम्ही विषय काढला. काका आधी ऐकेनात. "सुनेने माझे पाय धुवायचे? ती दिवसभर खोकी उचलून येते. तिला आणखी हे कशाला?" सून दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, मला जमेल." पुढचे दोन आठवडे सिस्टर दहाऐवजी सकाळी सहाला गेली, आणि सुनेला खरंच जमलं. बारीक, नेटका हात होता तिचा. गाठीवर पाय पडला तर जखमेत रुतेल म्हणून ती बँडेजला गाठ मारायचीच नाही, चिकटपट्टी लावायची. ही तिची स्वतःची अक्कल, आम्ही शिकवलेली नव्हे. कारखान्यात जायच्या आधी सहाला ती पाय बांधून मोकळी व्हायची.

तिसऱ्या आठवड्यात छोटी सिस्टर जाईनाशी झाली. काकांना काय सांगायचं हा प्रश्न होता. तिला खोटं बोलता येत नव्हतं. बोलायला गेली की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. म्हणून मी गेलो. काका दाढी करून बसले होते.

"ती नाही आली?"

"तिला दुसरीकडची कामं लागलीत, काका."

"माझ्यावर रागावली का? परवा मी तिच्या प्रार्थनेची नक्कल केली होती."

"छे हो! तुमची जखम भरत आली म्हणून. ज्यांची जखम बिघडलीय, त्यांच्याकडे ती जाते आता. तुमची बिघडली असती तर तुमच्याकडेही आली असती."

हे वाक्य मी बोललो. सहज, वेळ मारून न्यायला. काका "हं" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी मात्र काम फत्ते झालं अशा थाटात परतलो.

चार दिवसांनी सून दवाखान्यात आली. "भाऊ, जखम ओली दिसतेय." मी जागेवरून न उठता तिलाच झापलं. "पाय नीट पुसत नसशील. घाई करत असशील कामावर जायची." मी औषध दिलं. आणखी तीन दिवसांनी ती पुन्हा आली, आता वास येत होता. छोटी सिस्टर आतून धावत आली. "मी जाते." मी तिला अडवलं. "तू आता गेलीस की सगळं मुसळ केरात. म्हातारा पुन्हा तुझ्याशिवाय पाय पुढे करणार नाही. मग दोन आठवड्यांनी तू गेलीस की काय?" ती थांबली. माझं ऐकायची सवय होती तिला, मीच लावलेली.

दोन दिवस ती धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी पेशंट संपले तशी पिशवी उचलून चालू पडली. मी शिव्या घालत मागून निघालो.

दार नुसतं लोटलेलं होतं. काका पलंगावर होते, दाढी केलेली, अंगावर इस्त्रीचा शर्ट. तिला बघून त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, उगाच घाबरलो आपण.

"आलीस? मला माहीत होतं."

तिने पाय मांडीवर घेतला. बँडेजला गाठ होती. वेडीवाकडी, सैल, पुरुषी हाताची गाठ. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. सून गाठ मारत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

विचारल्यावर काकांनी कबूल केलं. सून कामावर गेली की ते बँडेज सोडत होते. उघड्या पायाने मोरीपर्यंत जाऊन येत होते, जखमेवर साधं पाणी ओतत होते आणि दुपारभर गाठ मारून ठेवून सून यायच्या आत तिच्यासारखी चिकटपट्टी लावत होते. दुखत तर काहीच नव्हतं. जखम बिघडली की सिस्टर येणार, एवढा सरळ हिशोब. आणि तो मीच त्यांना दिला होता.

बँडेज निघालं. सकाळी सुनेने बांधली तेव्हा नुसती लाल असलेली दोन बोटं आता काळी पडली होती आणि काळेपणा वर सरकत होता. छोटी सिस्टर प्रार्थना करायचं विसरली.

मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी अर्धा तास बघितलं आणि गुडघ्याखालून पाय काढायचा निर्णय दिला. सून कारखान्याच्या कपड्यांतच धावत आली. कागदावर सही करताना ती मला म्हणाली, "भाऊ, मी रोज पुसत होते हो पाय. बोटांच्या मधेसुद्धा." आजही मी तिच्यासमोर जायचं टाळतो.

छोटी सिस्टर मोठ्या सिस्टरांपुढे उभी राहिली. आणखी एक महिना राहू द्या, निदान पंधरा दिवस. मी बाहेर फडताळ आवरत असल्याचं नाटक करत ऐकत होतो. मोठ्या सिस्टर दुष्ट नव्हत्या. पण तिकीट आलेलं, इथे राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आलेली, दुसरी मुलगी वाटेत. शेवटी त्या म्हणाल्या, "तुला वाटतं तू राहिलीस तर त्यांचं भलं होईल. आधी जीव गुंतवून बिघडलं, तेच तू पुन्हा करशील." ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "दादा, मी त्यांना सांगणार आहे. नियम मोडून." मी म्हटलं, "चल."

वॉर्डात आठ खाटा होत्या. काकांची भिंतीकडची. चादर एका बाजूला गुडघ्यापर्यंत उंच आणि पुढे सपाट. सून स्टुलावर बसून त्यांना पाणी पाजत होती. छोटी सिस्टर खाटेशेजारी जमिनीवरच बसली.

"काका, मी उद्या चाललेय. माझ्या घरी. परत येणार नाही. हे आधीपासून ठरलं होतं. तारीख सांगायची नाही असा आमचा नियम आहे. तुम्हाला सवय व्हावी म्हणून मी यायचं थांबवलं. रागावले नव्हते. एक दिवससुद्धा रागावले नव्हते."

काका तिच्याकडे बघत राहिले. पलीकडच्या खाटेवरचा माणूस खोकला, सुनेने पेला खाली ठेवला.

"घरी आई वाट बघत असेल," ते म्हणाले.

"हो."

"मग जायलाच पाहिजे. दोन वर्षं म्हणजे थोडी का झाली?"

तिने मान हलवली. काकांनी हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला.

"एवढंच होतं होय? मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. अगं वेडे, मला सांगायचं होतंस. पाय जपला असता मी. तुला निरोप द्यायला कोपऱ्यापर्यंत चालत आलो असतो."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सहन केला असता. ते मनापासून सांगत होते, आणि तिचं डोकं थोपटत होते, आणि ती खाटेच्या कडेला तोंड दाबून हमसून हमसून रडत होती. मी वॉर्डाबाहेर आलो, भिंतीला टेकलो आणि म्हाताऱ्या माणसाने चारचौघांत रडू नये तसा रडलो.